काउंटरवरची ओळख आणि संचालकांच्या खोलीतली ओळख

कोकणातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेतल्या बँकेत जा, गेल्या काही वर्षांतला बदल लगेच डोळ्यांत भरतो. काउंटर कमी झालेत. पासबुक भरून द्यायचं यंत्र दाराबाहेर गेलंय आणि बहुतेक वेळा बंद असतं. म्हाताऱ्या माणसांना पैसे काढायची स्लिप लिहून देणारा शिपाई निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. मोठ्या सरकारी आणि खाजगी बँकांनी हे केलं तेव्हा लोक कुरकुरले, पण फारसं नवल कुणाला वाटलं नाही. त्यांची मुख्य कार्यालयं लांब, निर्णय तिकडेच होतात. मला काळजी वाटते ती आपल्या नागरी सहकारी बँकांची, जिल्हा बँकेच्या खेड्यांतल्या शाखांची आणि पतसंस्थांची. त्याही आता त्याच वाटेने निघाल्यात. माणूस कमी करा, ॲप द्या, गर्दी बाहेरच्या बाहेर वळवा.

याची दोन कारणं सांगितली जातात. एक खर्चाचं. दुसरं जरा भारदस्त शब्दांत मांडलं जातं: ओळखीपाळखीवर चालणारं बँकिंग आता कालबाह्य झालं, आणि शेवटी त्या ओळखीनेच सहकारी बँका बुडवल्या.

दुसऱ्या कारणात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त घातक आहे. ओळखीने बँका बुडाल्या हे खरं. पण ती ओळख संचालकांच्या खोलीतली होती. आज छाटली जातेय ती काउंटरवरची. अपराध एकीचा आणि शिक्षा दुसरीला, असा हा प्रकार चाललाय, आणि तो थांबवणं सभासदांच्या हातात आहे.

आधी इथला ग्राहक कोण, ते पाहायला हवं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीची सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावता माणूस विरार, डोंबिवली, दिवा, पनवेलला. घरात आईवडील, नाहीतर बायको आणि सासूबाई. पूर्वी मनीऑर्डर यायची, पोस्टमन पडवीत बसून पैसे मोजून द्यायचा, सोबतचा मजकूर वाचून दाखवायचा. आता पैसे थेट खात्यावर जमा होतात. पैसे लवकर येतात, हे चांगलंच झालं. पण वाचून दाखवणारं माणूस मधून गेलं आणि त्याचं काम बँकेच्या काउंटरवर येऊन पडलं. बँकेच्या कुठल्याही कामाच्या यादीत हे लिहिलेलं नाही. तरी सावंतवाडीपासून श्रीवर्धनपर्यंत रोज शेकडो वेळा ते होत असतं.

"झिलान पैशे धाडल्यान काय, बघ रे जरा," असं म्हणत आजी पासबुक पुढे करते. तिला खात्यावरची शिल्लक हवी असते, आणि मुलाची आठवणही. समोरच्या पोराला त्या झिलाचं नाव ठाऊक असेल, या महिन्यात पैसे उशिरा आलेत हे त्याच्या लक्षात असेल, तर तो पुढचा प्रश्न विचारतो. "आजी, गेल्या महिन्यापेक्षा कमी आलेत. फोन झाला होता का?" ॲपला हे विचारता येत नाही.

वैयक्तिक सेवा म्हटलं की लोकांना गोड बोलणं आठवतं, वर्धापनदिनाला दिलेलं गुलाबाचं फूल आणि पेढा आठवतो. मला ते अभिप्रेत नाही. मी म्हणतो ती सेवा म्हणजे कौशल्याचं काम आहे आणि त्याला नियमांचं पक्कं ज्ञान लागतं.

एक उदाहरण घ्या. वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडी भागात काजू सोलण्याच्या कामावर हजारो बायका आहेत. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटं भाजतात, कातडं जातं, रेषा पुसट होतात. मग आधारवर चालणाऱ्या यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र म्हणतं, जुळत नाही. एकदा, दोनदा, पाचदा. मागे रांग खोळंबलेली. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये खात्यावर येऊ लागले तेव्हा आधार जोडणीसाठी शाखाशाखांसमोर ज्या रांगा लागल्या, त्यांत अशा बोटांच्या बायका किती असतील? अशा वेळी बाईंना बाजूला बसवायचं, दुसरं बोट लावून बघायचं, नाहीच जमलं तर दुसऱ्या ओळखपत्रावर काम भागतं का ते तपासायचं, आणि हे सगळं तिला चारचौघांत लाज वाटणार नाही अशा बेताने करायचं. हे माणसाचं काम आहे.

किंवा अर्धांगवायू झालेल्या निवृत्त शिक्षकाचं घ्या. सही जुळत नाही म्हणून पेन्शन अडकते, घरचे लोक त्यांना रिक्षात घालून बँकेच्या दारात आणतात. वास्तविक आजारी, वृद्ध, सही करू न शकणाऱ्या खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना कितीतरी वर्षांपासून आहेत. दोन साक्षीदारांसमोर, ज्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असला पाहिजे, हाताच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा; तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा चालतो. इतका बारीक विचार नियम करणाऱ्याने केलेला आहे. ७० वर्षांवरच्या ज्येष्ठांना आणि अपंगांना मूलभूत सेवा घरी जाऊन द्या, असं व्यापारी बँकांना २०१७ पासून सांगितलेलं आहे. खातेदार वारला आणि नॉमिनी नोंदवलेला असला तर वारसा प्रमाणपत्र मागत बसू नका, कागद पूर्ण झाले की १५ दिवसांत दावा निकाली काढा, हेही सांगितलेलं आहे. हे नियम शाखेतल्या कुणाला तरी माहीत असावे लागतात, आणि समोरच्या माणसासाठी ते वापरावेसे वाटावे लागतात. खातेदार नुसता बारा आकडी क्रमांक असला की "नियमात बसत नाही" हे उत्तर सगळ्यात सोपं पडतं. तो पाटीलवाडीतला गुरुजी असला की अधिकारी नियमाचं पुस्तक उघडून बघतो.

नॉमिनीवरून आठवलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. कोकणातल्या घरांसाठी ही मोठीच सोय आहे. चार भाऊ चार गावी, बहिणी सासरी, घर आणि कलमं सामाईक, सातबारावर आजोबांपासूनची वीस-पंचवीस नावं. पण आज गावात घरोघर जाऊन "तुमच्या खात्याला नॉमिनी आहे का?" असं कोण विचारतंय? दोन वर्षं खात्यावर स्वतःहून व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं तसंच राहिलं की ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती परत मागता येते, शोधण्यासाठी २०२३ पासून 'उद्गम' नावाचं संकेतस्थळही आहे. पण गिरणीत आयुष्य काढून गावी येऊन वारलेल्या आजोबांनी कुठल्या शाखेत पावती केली होती हे ज्यांना ठाऊकच नाही, ते त्या संकेतस्थळावर शोधायला जाणार तरी कशाला? स्थानिक शाखेतल्या जुन्या कारकुनाला ते ठाऊक असतं. आजोबांच्या बाराव्याला तो स्वतः जेवायला गेलेला असतो.

आता यात फसवणुकीचा नवा धोका आलाय. 'डिजिटल अरेस्ट'ची, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून फोनवरच अटक केल्याची, भीती घालून म्हाताऱ्या माणसांच्या आयुष्यभराच्या ठेवी काढून घेणाऱ्या टोळ्या शहरापुरत्या उरलेल्या नाहीत. पंतप्रधानांनाही ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवरून त्याबद्दल सावध करावं लागलं. या फसवणुकीत एक टप्पा असा येतो की माणसाला ठेव मुदतीआधी मोडावी लागते. मोबाइलवर ती दोन मिनिटांत मोडते आणि कुणी काही विचारत नाही. शाखेत यावं लागलं तर समोरच्या माणसाला दिसतं की काकांचा चेहरा उतरलाय, फोन कानाला लागलेला आहे, आणि ज्या माणसाने कधी व्याजसुद्धा काढलं नाही तो आज पावतीच मोडायला आलाय. ओळख असलेला अधिकारी अशा वेळी पाणी देतो, आत बसवतो, मुलाचा नंबर फिरवतो, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या फोन क्रमांकावर तक्रार कशी करायची ते सांगतो. हजारो कोटींच्या संगणक प्रणालीला जे शोधायला जड जातं ते त्याला दारातून आत येतानाच दिसतं. बँकेच्या सुरक्षेवरचा खर्च मोजताना हा माणूस त्या हिशेबात धरला जात नाही, याचं मला मनापासून दुःख वाटतं.

पण ओळखीची खरी कसोटी कर्ज देताना लागते. आणि इथे कोकणाचं अर्थकारण बाकी महाराष्ट्रापेक्षा फार वेगळं आहे.

हापूसचा बागायतदार वर्षातले आठ-नऊ महिने खर्चच करत असतो. पावसाळ्यात खत, मग मोहोर यावा म्हणून कल्टार हे औषध, मग मोहोरापासून तुडतुड्यासाठी आणि थ्रिप्ससाठी फवारण्यांवर फवारण्या, राखणीला माणसं, पेट्या, वाहतूक. पैसा येतो तो मार्चपासून मेपर्यंत, तोही हवामानाने साथ दिली तर. मच्छीमाराचं चक्र त्याहून निराळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेनंतर खरी सुरुवात, मध्येच वादळाचा इशारा आला की आठ-दहा दिवस होड्या किनाऱ्याला. पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्याचे पैसे मे, दिवाळी आणि नाताळात. या तिघांनाही दर महिन्याच्या पाच तारखेला सारखा हप्ता लावणारी पद्धत त्यांच्या आयुष्याशी जुळतच नाही. पगारदार माणसाच्या मापाने बेतलेल्या गुणांकनात हे तिघंही नापास होतात. यांतला प्रामाणिक कोण, कष्टाळू कोण, कुणाचं एक वर्ष बिघडलंय आणि कुणाचं घरच बिघडलंय, हे कागदावर दिसत नाही. सातबारावर वीस नावं आहेत, पण कलमांना पाणी घालणारा कोण, हे तलाठ्याच्या दप्तरात नाही. शाखाधिकारी बागेत गेला असेल तर त्याला ते माहीत असतं.

बँकेने ही माहिती ठेवायचं सोडलं तर ती कुणाकडे जाते, हे पाहण्यासारखं आहे. वाशी बाजारातल्या दलालाकडे जाते. त्याला बागायतदाराची पूर्ण ओळख असते. किती कलमं, कुठल्या गावात, मोहोर कसा, घरात लग्न कधी. एका फोनवर तो आगाऊ उचल देतो. फॉर्म नाही, जामीनदार नाही, फेऱ्या नाहीत. बदल्यात माल त्याच्याकडेच जातो आणि भावाबद्दल बोलायची सोय उरत नाही. समुद्रावरही तेच. होडीच्या मालकाला डिझेल आणि बर्फासाठी पैसे पुरवणारा व्यापारी माशाचा भाव आधीच बांधून घेतो. बँकेने माणूस ओळखायचं सोडलं म्हणून माणसाची कर्जाची गरज संपत नाही. ती ओळख मग ज्याला फायदा उठवायचा आहे त्याच्या हाती जाते.

सहकार जन्माला आला तो यासाठीच. सावकाराला कुळाची बित्तंबातमी असायची. गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताला तर कुणाच्या घरात चूल पेटली नाही हेही ठाऊक असायचं. कोकणाने ही ओळख पिढ्यानपिढ्या भोगली. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली खोतांच्या जमिनी कसणं बंद केलं आणि सहा वर्षं संप चालवला, १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं, आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. म्हणून ओळख ही आपोआप चांगली गोष्ट असते, असं मी म्हणणार नाही. जाब विचारता येत नाही अशाची ओळख ही गुलामगिरीच असते. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांचा पाया घातला तेव्हा कल्पना अशी होती की गावाने गावाला ओळखावं, पण ओळखणाऱ्याला वर्षातून एकदा सगळ्यांसमोर उभं राहून हिशेब द्यावा लागावा. शेअर किती का असेनात, एका सभासदाला एक मत. ओळख आणि हिशेब या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली आणणं, हे सहकाराचं सगळ्यात मोठं काम होतं.

ते कुठे फसलं? पेणला फसलं. पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१० मध्ये निर्बंध आणले आणि मग बोगस कर्जखात्यांमधून शेकडो कोटी रुपये गेल्याचं बाहेर आलं. रायगडातल्या गणपतीच्या कारखानदारांपासून भाजीवाल्यांपर्यंतच्या ठेवी त्यात अडकल्या, आणि ठेवीदारांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. पनवेलच्या कर्नाळा नागरी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला. तिचे अध्यक्ष माजी आमदार होते, त्यांना त्याच वर्षी ईडीने अटक केली. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध आले, आणि सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील असं जाहीर झालं. मुंबईत राहणाऱ्या कित्येक कोकणी घरांची झोप उडाली.

या तिन्ही ठिकाणी पैसा कुठून गेला ते नीट बघा. कॅशियरने आजीला ओळखून दिलेल्या पाचशे रुपयांतून गेला नाही. रोजची पिग्मी बचत गोळा करणाऱ्याने दुकानदाराला दोन दिवस सांभाळून घेतलं म्हणून गेला नाही. शाखाधिकाऱ्याने मोहोर जळालेल्या बागायतदाराचा हप्ता पुढे ढकलला म्हणूनही गेला नाही. पैसा गेला तो वरून, संचालक मंडळाच्या आणि वरिष्ठ व्यवस्थापनाच्या हातांनी. पीएमसीत तर एकाच बांधकाम समूहाची कर्जं लपवण्यासाठी २१ हजारांहून जास्त बनावट खाती दाखवली गेली. ती खाती संगणकातच होती. संगणक आला म्हणून चोरी थांबली नाही. ज्या ग्राहकांना शाखेतलं कुणीच कधी पाहिलेलं नाही असे २१ हजार ग्राहक कागदावर उभे करता येतात, याचा अर्थ काय होतो? शाखेतल्या माणसाला प्रत्येक कर्जदाराचा चेहरा ठाऊक असणं, हा अशा चोरीवरचा सगळ्यात जुना आणि स्वस्त पहारा आहे.

मग सुधारणा कशी झाली पाहिजे होती? वरची ओळख तोडायची आणि खालची जपायची. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर नागरी बँकांना रिझर्व्ह बँकेने २००३ सालीच बंदी घातली. शंभर कोटींच्या वर ठेवी असलेल्या बँकांना वेगळं व्यवस्थापन मंडळ नेमायला २०१९ च्या अखेरीस सांगितलं. २०२० च्या कायदादुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढला. दिशा बरोबर होती. पण ऑगस्ट २०२५ पासून सहकारी बँकेच्या संचालकाची कमाल मुदत आठ वर्षांवरून दहा वर्षांवर नेली. ज्या खोलीत ओळखीचं रान माजतं तिथलीच खुर्ची आणखी दोन वर्षं पक्की झाली, आणि इकडे काउंटरवरच्या माणसाची तीन वर्षांत बदली होते, कारण तो 'फार ओळखीचा' होईल. हा न्याय उलटा आहे.

काउंटरवरच्या ओळखीतही दोष असतात आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना गावात ओळख नाही त्यांचं काय? आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी गडी, बोटीवरचा परराज्यातला खलाशी, डोंगराच्या कडेला राहणारी कातकरी बाई, गावात नव्याने लग्न होऊन आलेली सून. ओळखीच्या लोकांना "या, बसा" आणि यांना "उद्या या", असं घडतं. मी ते पाहिलेलं आहे. जात, वाडी, पक्ष यांवरून पाण्याचा ग्लास पुढे होतो की नाही हे ठरतं, तेही पाहिलेलं आहे. म्हणून माझा आग्रह आहे की ही सेवा लेखी असावी. ज्येष्ठांना स्लिप कोण लिहून देणार, अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराकडे किती दिवसांत अधिकारी जाणार, अंगठा जुळला नाही तर काय करणार, दावा किती दिवसांत निकाली निघणार, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, शाखेच्या भिंतीवर लावलेलं असावं. ओळखीच्या माणसाला जे आपसूक मिळतं ते अनोळखी माणसाला त्या फलकाकडे बोट दाखवून मागता आलं पाहिजे.

आणि सेवेत खरं सांगणंही आलं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी तो एक लाखच होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. एक टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी पुंजी पतसंस्थेत ठेवायला निघालेल्या माणसाला हे समोर बसवून कोण सांगतं? ज्या संस्थेचा प्रतिनिधी हे स्वतःहून सांगेल, तिच्यावर मी विश्वास ठेवीन.

आता खर्चाबद्दल. शाखेत माणसं ठेवायला पैसे लागतात, हे मान्य. लहान बँकांना नफ्याची चणचण असते, नवी संगणक प्रणाली, सायबर सुरक्षा, लेखापरीक्षण यांचा भार त्यांच्यावर मोठ्या बँकांइतकाच पडतो. देशात २००४ साली १,९०० हून जास्त नागरी सहकारी बँका होत्या, त्या आता दीड हजारांच्या आत आल्यात. दबाव खराच आहे. पण लहान बँकेने ॲपच्या बाबतीत मोठ्या बँकेशी कितीही स्पर्धा केली तरी ती हरणारच. तिचं ॲप कायम एक पाऊल मागे राहणार. माणसं ओळखण्यात मात्र मोठी बँक तिच्या जवळपासही येऊ शकत नाही. आणि आपल्या जिल्ह्यातल्या लोकांच्या लहान बचतखात्यांतला पैसा हा बँकेला मिळणारा सगळ्यात स्वस्त पैसा असतो. तो व्याजाच्या दराकडे बघून पळत नाही. तो विश्वासावर थांबतो. दुकानदाराकडून रोज दहा-वीस रुपये गोळा करणाऱ्या पिग्मीची कल्पना याच किनाऱ्यावर, खाली उडुपीला, १९२८ साली टी. एम. ए. पै यांच्या सिंडिकेट बँकेने काढली. रोजचे दोन आणे गोळा करायला माणूस दारोदार पाठवणं तेव्हाही कुणाला परवडणारं वाटलं नसेल. त्यावर पुढे देशातली एक मोठी बँक उभी राहिली. आज आपल्या बाजारपेठांत पायी फिरणारे पिग्मी प्रतिनिधी तुटपुंज्या कमिशनवर काम करतात. खातेदार वारल्याची बातमी बँकेत सगळ्यात आधी त्यांनाच कळते. घरोघर नॉमिनी विचारायला, अंथरुणावरच्या माणसाचा हयातीचा दाखला करून घ्यायला याहून योग्य माणसं कुठे मिळणार? त्यांना नीट शिकवा, त्या कामाचा वेगळा मोबदला द्या. शाखेतली तरुण गिऱ्हाइकं मोबाइलवर गेली असतील तर उत्तमच झालं; त्यांचा वाचलेला वेळ ज्यांना मोबाइल जमत नाही त्यांना द्या.

यंत्रावर सगळं सोपवण्याचा दुसरा धोका आपण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तरी विसरू नये. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली भागात कितीतरी दिवस वीज नव्हती, मोबाइलचे मनोरे पडले होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलैला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली. अशा दिवसांत हातात रोख लागते आणि ती ओळखीवर मिळते. फोन चालत नसताना, पासबुक वाहून गेलेलं असताना, समोरचा माणूस कोण आहे हे सांगू शकणारा बँकेचा कर्मचारी गावातच राहत असला पाहिजे.

निर्णय किती दूर जातो, यावरही बरंच अवलंबून असतं. आपल्याकडे एके काळी रत्नागिरी-सिंधुदुर्ग ग्रामीण बँक होती. दोन जिल्ह्यांची, नावातच दोन जिल्हे असलेली. विलीनीकरण होत होत ती विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत गेली, जिचं मुख्य कार्यालय नागपूरला होतं. आणि २०२५ मध्ये राज्यातल्या उरल्यासुरल्या दोन ग्रामीण बँकांची मिळून एकच झाली. प्रत्येक पायरीला काहीतरी आर्थिक कारण असेल, काही कारणं पटण्यासारखीही असतील. पण देवगडच्या बागेत मोहोर का गळला हे नागपूरला फोनवर समजावून सांगणं किती कठीण असतं, हे ज्याने सांगून पाहिलंय त्याला विचारा. सहकारी बँकांच्या विलीनीकरणाची चर्चा आता जोरात आहे. बुडणाऱ्या बँकेचे ठेवीदार वाचवायला विलीनीकरण लागतं, ते व्हावंच. चांगल्या चाललेल्या लहान बँकेला मोठं होण्याच्या हौसेपायी दुसरीत मिसळायला माझा ठाम विरोध आहे.

हे सगळं बदलायची जागा आपल्याकडे आहे आणि ती आपण वापरत नाही. सहकारी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. गणपतीचे दिवस त्याच्याच आगेमागे येतात. तेव्हा मुंबईचे चाकरमानी गावी असतात, ज्यांच्या नावावर शेअर आहेत आणि ज्यांचे आईवडील त्या काउंटरवर उभे राहतात. बहुतेक सभा मात्र कामाच्या दिवशी, मोजक्या माणसांत, अर्ध्या तासात उरकतात. अहवाल मंजूर, लाभांश मंजूर, आभार, चहा. यंदा सभा गौरी-गणपतीच्या सुट्टीत घ्यावी अशी मागणी सभासदांनी आतापासूनच लेखी द्यावी. आणि सभेत तीन प्रश्न विचारावेत. पहिला, बँकेची सगळ्यात मोठी वीस कर्जं कुणाला दिली आहेत, आणि त्यांतली किती थकली आहेत? दुसरा, गेल्या पाच वर्षांत किती काउंटर बंद केले आणि त्यातून वाचलेला पैसा कुठे गेला? तिसरा, अंथरुणाला खिळलेल्या सभासदाच्या घरी जाणारा अधिकारी कोण, आणि त्याचा फोन नंबर काय? पहिल्या प्रश्नाला व्यासपीठावरून "हे गोपनीय आहे" असं उत्तर येईल. तेव्हा नावं राहू द्या म्हणावं, आकडे द्या, आणि त्यांतल्या किती कर्जदारांना शाखाधिकारी स्वतः भेटलाय तेवढं सांगा. हे उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय अहवालाला मंजुरी देऊ नये.